कॉलेजचा रकाना

प्रदर्शनाच्या दारात एक टेबल, टेबलावर वही आणि वहीमागे स्वेटर घातलेली एक मुलगी. चाळीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळलेल्या माणसाला उघडी वही दिसली की खिशातलं पेन आपसूक बाहेर येतं. मी कानटोपी मागे सारली आणि वाकलो. वहीत लाल शाईने, पट्टी धरून चार रकाने आखले होते : पेरु, कालेजी, संवत्सरम्, अभिप्रायम्. म्हणजे नाव, कॉलेज, वर्ष, अभिप्राय. मथळ्याखाली दुहेरी रेघ. पोरीला कुठल्याही कचेरीत नोकरी मिळायला हरकत नाही असं मनाशी म्हणत मी नाव लिहिलं. ते मी झरकन लिहितो. दर वर्षी हयातीच्या दाखल्यावर लिहून हात बसलेला आहे. मग पेन दुसऱ्या रकान्यात गेलं आणि तिथेच थांबलं.

मुलीने वर पाहिलं. "कालेजी लेदा, तातय्या?"

कॉलेज नाही का, आजोबा? बिचारीला एवढंच विचारायचं होतं, की कुठल्या कॉलेजकडून आलात की असेच आलात. मी पेनाला टोपण लावलं. "आधी बघून येतो, मग भरतो," म्हणालो.

मागून आमची ही म्हणाली, "पन्नास वर्षं हेच चाललंय."

आम्ही आदिलाबादचे. जुनी माणसं एदलाबाद म्हणत. माझ्या आजीची एक मनीऑर्डर या नावापायी जळगाव जिल्ह्यातल्या एदलाबादला, म्हणजे आत्ताच्या मुक्ताईनगरला, जाऊन महिन्याभराने परत आली होती. आमच्या गावात माणूस घरी मराठी बोलतो, बाजारात तेलुगू, आणि भांडायचं असेल तर उर्दू, कारण समोरच्याचा अपमान करताना 'आप' म्हणण्याची सोय दुसऱ्या भाषेत नाही. मी जन्मलो 1951 साली, हैदराबाद राज्यात. 1956 च्या 1 नोव्हेंबरला ते राज्य मोडलं. आमच्याच जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि आम्ही आंध्र प्रदेशात. 2014 च्या 2 जूनला आम्ही तेलंगणात आलो. 2016 साली जिल्ह्याचे चार तुकडे झाले, त्यात निर्मल, आसिफाबाद, मंचिर्याल निराळे निघाले. मी मात्र त्याच गल्लीत, त्याच घरात. आयुष्यात मी फारसा कुठे गेलो नाही. हद्दीच माझ्या दारावरून ये-जा करत राहिल्या. 1956 च्या नकाशावर ज्यांनी रेघा ओढल्या त्यांचं फ्रीहँड कच्चं होतं, असं माझं जुनं मत आहे. पेन्सिल बोटभर इकडे सरकली असती तर मी मुंबईला, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेलो असतो. निदान सांगताना मी असं सांगतो.

आमची ही किनवटची. म्हणजे पेन्सिलीच्या पलीकडची.

तर प्रदर्शन. जानेवारीचा महिना, नागोबाच्या जत्रेची आठवड्यावर आलेली तारीख आणि आदिलाबादची थंडी, जिची बातमी हैदराबादच्या पेपरांत दर वर्षी पहिल्या पानावर येते आणि आम्हाला उगाच अभिमान वाटतो. कापसाचे ट्रक मार्केट यार्डाकडे चाललेले, रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लागावा तसे पुंजके अडकलेले. शेजारच्या पाटलांचा कापूस यार्डात रांगेत होता, नंबर यायला दुपार होणार होती. "सकाळचं उन्हात उभं राहण्यापेक्षा तुमच्यासंगं येतो भाऊ, तिथं खुर्च्या असतीन," असं म्हणून तेही निघाले. कलेचा प्रेक्षक असाच तयार होतो.

आता कॉलेजचं सांगून टाकतो, म्हणजे पुढे अडथळा नको.

मॅट्रिक झाल्यावर 1968 च्या पावसाळ्यात वडिलांनी मला हैदराबादला पी.यू.सी.ला घातलं. काचीगुड्याला आत्याचं बिऱ्हाड होतं. छोट्या लाइनच्या गाडीने मुदखेडला जायचं, गाडी बदलायची, रात्रभर उकिडवं बसायचं आणि सकाळी काचीगुड्याला उतरायचं. पी.यू.सी. झाली की मासाब टँकच्या कला महाविद्यालयात नाव घालायचं, असा माझा बेत होता. वडिलांना तो ठाऊक नव्हता. त्यांच्या हिशेबी चित्रकार म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवणारा, आणि पाट्या रंगवणाऱ्याला लोक पैसे द्यायला वर्ष लावतात. त्यांना पटवायला मी पी. टी. रेड्डींचं उदाहरण शोधून ठेवलं होतं : आपल्याच मुलखातले, करीमनगरकडचे, मुंबईच्या जे. जे.त शिकले आणि केवढे मोठे चित्रकार झाले. वाक्य पाठ केलं होतं. ते अजून माझ्याकडे आहे, न वापरलेलं.

त्याच वर्षी सालारजंग म्युझियम दिवाण देवडीतून मुसीकाठच्या नव्या इमारतीत आलं होतं. तिथे बेन्झोनी नावाच्या इटालियन शिल्पकाराची रिबेका आहे. आख्खी बाई संगमरवराची, तोंडावर झिरझिरीत पदर, तोही संगमरवराचाच, आणि त्या दगडी पदराआडून चेहरा दिसतो. ती पाहिली आणि पी.यू.सी.च्या केमिस्ट्रीतून माझं मन उठलं. मी वही घेऊन तिच्यासमोर बसायला लागलो. सहा महिन्यांत मला पदर जमला; पदराआडचा चेहरा काही आला नाही. मधूनच खालच्या चौकात जायचं. तिथे ते प्रसिद्ध घड्याळ. तास भरला की आतून एक दाढीवाला चिमुकला माणूस निघतो आणि ठोके देतो, आणि बघायला माणसं लग्नाच्या पंगतीसारखी दाटून बसलेली असतात. कॉलेजच्या घंटेपेक्षा त्या घंटेला माझी हजेरी चोख होती. डिसेंबरात कॉलेजच्या फळ्यावर कमी हजेरीवाल्यांची यादी लागली. तीत माझं नाव वरून तिसरं होतं. कॉलेजात एवढा वरचा नंबर मला पुन्हा मिळाला नाही.

आणि जानेवारी 1969 मध्ये आंदोलन पेटलं. तेलंगणातल्या सरकारी नोकऱ्या मुल्कींना, म्हणजे इथल्या रहिवाशांना, मिळायच्या. त्या बाहेरचे घेतात ही तक्रार होती, तिचा 'जय तेलंगणा' झाला. शाळा-कॉलेजं बंद पडली. आत्याने पिशवीत चिवडा भरून दिला आणि म्हणाली, "आठ दिवसांत निवळेल, ये परत." निवळलं नाही, ते वर्षच गेलं. गोळीबारात कितीतरी पोरं गेली, माझ्याच वयाची, काही तर वर्गात शेजारच्या बाकावर बसावी तशी. त्यांच्यापुढे आपलं वर्ष बुडाल्याचं रडगाणं सांगायची लाज वाटते, म्हणून मी ते फक्त घरात सांगतो.

मधल्या काळात गैरमुल्की कर्मचाऱ्यांना परत पाठवायचा सरकारी हुकूम निघाला, मग त्यावर कोर्टकज्जे सुरू झाले. वडिलांनी कोर्टाची वाट पाहिली नाही. त्यांच्या कानी एवढंच आलं होतं, की जागा रिकाम्या होणार. आम्ही घरात मराठी बोलत असू, पण मुल्की अस्सल. पणजोबांचं थडगं सोडून बाकी सगळे पुरावे होते आणि थडगं आमच्यात नसतं. अर्ज गेला. कॉलेजं पुन्हा उघडली तेव्हा मी टेबलामागे बसलो होतो आणि टेबलावर आवक बारनिशी होती.

चित्रकलेच्या शाळेत जागा न मिळालेली माणसं पुढे काय करतील याचा नेम नसतो. व्हिएन्नाच्या अकादमीने 1907 आणि 1908 असं दोनदा एका पोराला परत पाठवलं, ते साऱ्या जगाला महागात पडलं. मी बापडा आवक-जावक लिपिक झालो. त्याबद्दल जगाने माझे आभार मानायला हरकत नव्हती.

त्या आंदोलनाचे मोठे पुढारी मर्री चेन्ना रेड्डी 1978 साली त्याच आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री झाले. मी वरिष्ठ लिपिक झालो. ज्याला जे मिळायचं ते मिळालं. 2014 साली तेलंगणा झालं त्या रात्री गावात फटाके वाजत होते आणि मी ओट्यावर उभा होतो. पंचेचाळीस वर्षांनी अर्ज मंजूर झाला होता. त्याच फायलीत माझाही कागद कुठे निघतो का म्हणून मी जरा वेळ थांबलो, मग डास चावायला लागले तसा आत गेलो.

नोकरीत चित्रं काढली नाहीत असं नाही. 1981 च्या जनगणनेत आम्हाला प्रगणक केलं. प्रत्येकाने आपल्या भागाचा नजरी नकाशा काढायचा : रस्ता, विहीर, देऊळ, घरांचे चौकोन. लोकांनी चौकोन काढले. मी घरांना कौलं काढली, चिंचेला पानं काढली, विहिरीवर रहाट काढला आणि देवळाच्या पायरीवर एक बकरी बसवली. पर्यवेक्षकाने नकाशा उलटसुलट पाहून विचारलं, "ही बकरी कुठल्या कुटुंबात मोजायची?" तरीही नकाशा तसाच वर गेला. माझी ती एकमेव कलाकृती सरकारी संग्रहात आहे.

असो. आपण दारातून आत आलो आहोत.

पहिला भाग निर्मलचा होता. काळ्याभोर फळीवर सोनेरी हरणं, सोनेरी मोर, सोनेरी बायका सोनेरी घडे घेऊन. निर्मलच्या नक्काशांचं काम म्हणजे काम! हलक्या पोनिकीच्या लाकडाची खेळणी, सांधे जोडायला चिंचोक्याची खळ आणि लाकडाचा भुसा. निजाम आला तेव्हा कारागिरांनी केळफुलासारखी एक कळी टांगली होती, ती उमलली आणि त्याच्या अंगावर सोन्याच्या पाकळ्या पडल्या, अशी आख्यायिका आहे. निजामाच्या अंगावर सोनं पडलं म्हणजे ते परत गेलं नसणार, एवढं आम्ही अनुभवाने सांगू शकतो. पण मला निर्मलची चित्रं शांतपणे बघता येत नाहीत. आमच्याकडे कोणी निवृत्त झालं, कोणाचं लग्न झालं, कोणी बदलून गेलं की शाल, नारळ आणि निर्मलचं चित्र द्यायची रीत आहे. मी निवृत्त झालो तेव्हा तीन विभागांनी मिळून सात चित्रं दिली. त्यांत पाच हरणांची होती, आणि पाचही हरणं मान वळवून माझ्याकडे पाहत होती, जशी काही पेन्शनची फाइल त्यांच्याकडे अडकली आहे. आम्ही ती पुढच्या लोकांना वाटून टाकली. आता बाईसाहेब एका चित्रापाशी थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "हे आपलंच नव्हे? कोपऱ्याचा टवका बघा."

टवका ओळखीचा होता. आम्ही पुढे सरकलो.

कोपऱ्यात उशेगावचा एक ओझा कारागीर मांडी घालून बसला होता. उशेगाव आता आसिफाबाद जिल्ह्यात गेलं, पण 2018 साली तिथल्या पितळेच्या ओतकामाला भौगोलिक मानांकन मिळालं ते 'आदिलाबाद डोकरा' याच नावाने, त्यामुळे आम्ही अजून त्याला आमचंच धरतो. हा माणूस मराठीत छान सांगत होता. आधी मातीचा गाभा करायचा. त्यावर मधमाशीच्या मेणाचे बारीक धागे गुंडाळत नक्षी करायची. हत्ती असेल तर हत्तीची झूल, घंटा, सगळं मेणाचं. वरून पुन्हा माती. मग भाजायचं. मेण वितळून निघून जातं, आत पोकळी उरते, तीत वितळलेलं पितळ ओतायचं. निवल्यावर साचा फोडायचा. साचा एकदाच. तसाच दुसरा हत्ती होत नाही.

माझ्या मनात एकदम काहीतरी उजळलं. मी पाटलांकडे वळलो. "म्हणजे बघा पाटील, जे निघून जातं, त्याच्याच रिकाम्या जागेत..."

"मेण वापस मिळते का?" पाटलांनी कारागिराला विचारलं.

"नाही. गेलं ते गेलं."

"मंग ते खर्चात धरत जा," पाटील म्हणाले. कारागिराने मान डोलावली. माझं वाक्य तिथेच राहिलं, पी. टी. रेड्डींच्या वाक्याशेजारी ठेवलं.

मधल्या दालनात कॉलेजच्या पोरापोरींची चित्रं होती. एक भलंमोठं चित्र, सगळं राखाडी, खाली थोडं पिवळं, वर काळसर डाग. किंमत आठ हजार. पाटील चष्मा लावून जवळ गेले, मागे आले, बाजूने बघितलं. "काय आहे?"

आता माझी पाळी होती. मी सांगितलं, की असं काही 'असायला' हवं असं नाही. आपल्या नागपुरात जन्मलेले वासुदेव गायतोंडे अशीच चित्रं काढायचे, त्यात माणूस नाही, झाड नाही. 2013 साली मुंबईत लिलाव झाला, त्यात त्यांच्या एका चित्राला 23 कोटी 70 लाख मिळाले.

पाटील खुर्चीत बसले. ओठ हलवत बराच वेळ हिशेब करत होते. "त्या साली कापसाला हमीभाव चार हजार होता," ते म्हणाले. "म्हणजे एकोणसाठ-साठ हजार क्विंटल. एका चित्राचे." मग उठून पुन्हा त्या राखाडी चित्रापाशी गेले, बोटाच्या मागच्या बाजूने कॅनव्हासला अलगद शिवले आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "भाऊ, ह्याले ओलावा किती धरतेत?"

ज्यांनी यार्डात कापूस नेलेला नाही त्यांना यातलं दुःख कळायचं नाही. आठ टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की भाव कापला जातो, आणि बाराच्या वर निघाला की गाडी वळवून घरी. घामाने ओला झालेला कापूस ओला म्हणून परत येतो. चित्रांना ओलाव्याची अट नाही हे ऐकून पाटलांचं कलेविषयीचं मत फार उंचावलं.

मी आणि ही खिडकीपाशी बाकावर बसलो. ऊन छान आलं होतं. पोरं-पोरी चहाचे कागदी कप घेऊन घोळक्याने उभी होती, एकमेकांच्या चित्रांना नावं ठेवत होती, आणि मला माझं कॉलेज आठवायला लागलं.

मी न गेलेलं. गेलेलं कॉलेज, ते सात महिने, मला फारसं आठवत नाही. त्यातली ठळक आठवण म्हणजे फळ्यावरची यादी. पण न गेलेलं कॉलेज मला वीट न् वीट ठाऊक आहे. फाटकाशी लिंब आहे. आत उंच छताचा स्टुडिओ, उत्तरेच्या मोठाल्या खिडक्या, त्यातून दिवसभर एकसारखा उजेड येतो. कँटीनमध्ये इराणी चहा मिळतो आणि उस्मानिया बिस्किटं, आणि माझं खातं आहे. तिथे मी बारीक आहे, भांग पाडण्याइतके केस आहेत. तिथे मी कधी नापास झालो नाही. आमचे एक सर आहेत. ते फार बोलत नाहीत. कोणाचं चित्र खरोखर आवडलं तर त्याच्या मागे येऊन नुसते उभे राहतात, एक शब्द न बोलता, आणि पुढे जातात. ते माझ्या मागे पुष्कळ वेळा उभे राहिले आहेत. दर वर्षी मी या कॉलेजात काहीतरी भर घालतो. 1985 च्या सुमाराला दगडी जिना बांधला. निवृत्त झाल्यावर हातात वेळ होता, तेव्हा ग्रंथालयाचा मजला चढवला. अंदाजपत्रक नाही, निविदा नाही, लेखापरीक्षण नाही.

माझा एक वर्गमित्र आंदोलनानंतर परत गेला, शिकला, इंजिनिअर होऊन निवृत्त झाला. एकदा फोनवर मी त्याला हौसेने विचारलं, "काय रे आठवतं कॉलेजातलं?" तो बराच वेळ गप्प राहिला. "मेसची डाळ," म्हणाला. "आणि ढेकूण." पुढे आठवून आठवून त्याने सांगितलं की जिन्याखाली एक सायकल चोरीला गेली होती, बहुतेक त्याचीच. पाच वर्षं काढली त्याने तिथे! मला त्याची कीव आली.

हे सगळं मी बाकावर पुन्हा एकदा हिला सांगितलं. नवा भाग होता : स्टुडिओच्या खिडकीत पारवे.

ती ऐकत होती. ऐकता ऐकता पिशवीतून बोरं काढून माझ्या हातावर ठेवत होती. मग म्हणाली, "मागच्या वेळी तिथे चिमण्या होत्या."

"असतील. चिमण्याही आहेत."

"स्मृतिचित्रात बघितलेलंच काढायचं असतं," ती म्हणाली. "मनचं घातलं की मार्क कापतात."

मी बोर तसंच हातात धरलं. "तुला काय ठाऊक स्मृतिचित्राचं?"

"एलिमेंटरीला बसले होते की. आणि इंटरमिजिएटला. किनवटला असताना."

"झालीस पास?"

"बी ग्रेड आली. संकल्पचित्रात कमी पडले, नाहीतर ए आली असती. आमच्या बाई म्हणाल्या होत्या पुढे शिक."

एक्कावन्न वर्षं संसार झाला. चित्रकलेची परीक्षा पास झालेलं माणूस आमच्या घरात एकच होतं आणि ते मी नव्हतो. मी म्हणालो, "कधी बोलली नाहीस ते?"

"तुम्ही घरी कुठे असायचात," ती बोराची बी टिपून पिशवीत टाकत म्हणाली, "कॉलेजात असायचात."

यावर मी उठलो आणि चित्रं बघायला गेलो. काही वेळा कलेकडे वळणंच बरं असतं.

शेवटच्या भिंतीवर, पंख्याच्या बटणांशेजारी, म्हणजे ज्या जागेसाठी कोणी भांडलं नसेल अशा जागी, एक लहान चित्र होतं. एस.टी.च्या, म्हणजे आमच्या आर.टी.सी.च्या बसमधलं खिडकीचं बाकडं. त्यावर एक म्हातारा गुस्साडी बसला आहे. दिवाळीच्या सुमाराला आमच्याकडच्या गोंडांची दंडारी निघते, तिच्यातले हे गुस्साडी. डोक्यावर मोरपिसांचा केवढातरी मुकुट, अंगाला राख, गळ्यात माळा. मार्लवाईच्या कनक राजूंना या नाचासाठी 2021 साली पद्मश्री मिळाली. 2024 मध्ये ते गेले. आजवर गुस्साडीची चित्रं मी पुष्कळ पाहिली होती आणि सगळ्यांत तो नाचतच असतो, जसा काही त्याला दुसरा उद्योग नाही. या चित्रात त्याचा नाच संपला होता. तो घरी चालला होता. मुकुट डोक्यावर ठेवला तर बसच्या टपाला लागतो, म्हणून त्याने तो मांडीवर घेतला होता, दोन्ही हातांनी, झोपलेलं नातवंड धरावं तसा. दोन पिसं खिडकीच्या गजांतून बाहेर आली होती. शेजारच्या बाईने आपली कोंबडीची पाटी सावरून त्याला जागा दिली होती. तिकीट त्याने दातांत धरलं होतं.

मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. सालारजंगमध्ये रिबेकासमोर बसायचो तसा. गुडघ्यातून थकवा आला तेव्हा भान आलं. चित्राखाली नाव होतं, आणि नावाची मालकीण दारातल्या वहीमागून उठून माझ्या बाजूला येऊन चित्राचा वाकडा झालेला दोरा सरळ करत होती.

मला माझे सर आठवले. मी एक पाऊल मागे घेतलं, तिच्या पाठीमागे उभा राहिलो, हात पाठीशी बांधले आणि एक शब्द बोललो नाही. माझ्या कॉलेजातली ती सर्वांत मोठी शाबासकी.

मुलगी अस्वस्थ झाली. तिने चित्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा चित्राकडे पाहिलं. शेवटी तिचा चेहरा रडवेला झाला. "तप्पुंदा, तातय्या?" चूक आहे का काही?

छप्पन्न वर्षं चाललेली पद्धत पहिल्याच दिवशी फसली. मी घाईघाईने म्हणालो, नाही नाही, फार सुंदर, फार म्हणजे फारच, तिकीट तर... आणि मग तोंडातून निघून गेलं, "फक्त खिडकीचे गज जरा सरळसोट झालेत. बस जुनी आहे ना. एखादा वाकलेला असतो, माणसं डोकं काढून काढून."

ती चित्राजवळ गेली, डोळे बारीक केले, आणि खळकन हसली. "आमच्या सरांनीही हेच सांगितलं," ती म्हणाली. "मी ऐकलं नव्हतं."

मी तिच्या सरांना ओळखत नाही. पण परत दाराकडे चालताना माझी चाल थोडी बदलली असावी, कारण हिने विचारलं, "पाय दुखतोय का?"

दारात वही वाट पाहत होती. माझं नाव लिहिलेली ओळ तशीच अर्धी, खाली पंधरा-वीस पोरांच्या भरलेल्या ओळी. मी पेन काढलं. कॉलेजच्या रकान्यात माझ्या त्या सात महिन्यांच्या कॉलेजचं नाव लिहिलं. वर्षाच्या रकान्यात 1968-69. अभिप्रायाला मात्र हात थांबलाच नाही. इतकं बघितलं होतं, मन भरून आलं होतं, आणि चाळीस वर्षांची सवय. लिहून झाल्यावर वाचलं. मी लिहिलं होतं : 'पाहिले. फायलीत लावावे.' खाली छोटी सही आणि तारीख.

खोडायला गेलो तर हीच म्हणाली, "राहू द्या. वहीत खाडाखोड चालत नाही म्हणता ना तुम्ही?"

पाटलांनी पेन घेतलं. यार्डातून फोन आला होता, नंबर लागत होता, त्यामुळे घाई होती. नाव. कॉलेज : मार्केट यार्ड. वर्ष : चालू. अभिप्राय : ओलावा नाही.

मग पेन हिच्याकडे गेलं. तिने पदर सावरला, नाव लिहिलं, शाळेतल्या वहीत असतं तसं वळणदार, आडव्या रेघेला नीट टेकलेलं. मला वाटलं कॉलेजच्या रकान्यात ती आडवी रेघ मारील. तिने पाटलांची ओळ बोटाने झाकली, माझी ओळ शोधली आणि आपल्या रकान्यात दोन छोटे स्वल्पविराम काढले. वरीलप्रमाणे.

"अगं, तू कुठे होतीस त्या कॉलेजात?"

"रोज असतेच की," ती पेनाला टोपण लावत म्हणाली. "एक्कावन्न वर्षं. हजेरी माझी तुमच्यापेक्षा जास्त भरेल."